कोणी कोणाशी बोलू नये : कारखान्यातल्या नेटवर्कची रचना



१९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या युनिटमधले दोन मोठे पंप बंद पडले. या जातीच्या अणुभट्टीत हे पंप गाभ्यातून पाणी फिरवत ठेवतात आणि किती पाणी फिरतं यावर भट्टीची ताकदही कमीजास्त होते. दोन्ही पंप गेल्यावर ऑपरेटरांनी नियमावलीप्रमाणे भट्टी हाताने बंद केली. अपघात झाला नाही. पण पंप का थांबले, हे शोधायला बसलेल्यांना पंपात काहीच सापडलं नाही. मोटारीही ठणठणीत होत्या.

अडकले होते ते मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हचे कंट्रोलर. केंद्रातल्या इथरनेट नेटवर्कवर त्या वेळी प्रमाणाबाहेर वर्दळ झाली आणि ती झेलता झेलता हे कंट्रोलर गप्प झाले. त्याच नेटवर्कवरचा, पाणी शुद्ध करणाऱ्या विभागातला एक पीएलसीही, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणकही, त्याच वेळी बंद पडला. पीएलसी बिघडल्यामुळे वर्दळ झाली की वर्दळीमुळे पीएलसी बिघडला, हे शेवटपर्यंत निर्विवादपणे ठरलं नाही. पीएलसी बनवणाऱ्यांचा कौल दुसऱ्या शक्यतेकडे होता. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एप्रिल २००७ मध्ये या घटनेवर सर्व केंद्रांना उद्देशून एक माहितीपत्रक काढलं. अशा नाजूक उपकरणांपर्यंत किती वर्दळ पोचू द्यायची याला आवर घालणारे फायरवॉल बसवणं, हा केंद्राने केलेल्या उपायांपैकी एक होता.

आजच्या विषयाची मेख या घटनेत आहे. पाणी शुद्ध करणारा पीएलसी आणि पंपाचा ड्राइव्ह यांना एकमेकांशी बोलण्याचं काहीही कारण नव्हतं. तरीही ते एकाच नेटवर्कवर होते, आणि एकाच्या वाट्याची वर्दळ दुसऱ्याच्या कानावर आदळू शकत होती. कारखान्यात नेटवर्क कसं बांधावं यावर जाडजूड पुस्तकं आहेत, त्यांत स्विचचे कॅटलॉग आहेत, केबलचे प्रकार आहेत. प्रस्तुत वक्त्याच्या मते या सगळ्याच्या आधी एक कागद लागतो : कोणी कोणाशी बोलू नये, याचा.

इथरनेटचा जन्म याच्या अगदी उलट वृत्तीतून झाला. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात एक टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ते प्रत्यक्षात आणलं. प्रेरणा हवाई विद्यापीठाच्या अलोहानेटची, जिथे बेटाबेटांवरची टर्मिनल एकच रेडिओ लहर वाटून घेत. मेटकाफ यांनी रेडिओऐवजी एक जाड कोअॅक्सियल केबल घेतली. सगळे संगणक त्याच एका केबलला जोडलेले. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं, आणि ज्याच्यासाठी निरोप नसेल त्याने तो सोडून द्यायचा. दोघं एकदम बोलले तर टक्कर व्हायची. मग दोघांनी थांबायचं, प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट.

‘मनाला येईल तेवढा वेळ’ हे शब्द ऐकून कारखान्यातल्या इंजिनिअरच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्या रास्त होत्या. कार्यालयात छपाई दोन सेकंद उशिरा झाली तर कोणाचं बिघडत नाही. प्रेसवर सेफ्टी गेट उघडल्याचा निरोप दोन सेकंद उशिरा पोचला तर माणसाचा हात जातो. म्हणूनच १९८० च्या दशकात जनरल मोटर्सने आपल्या कारखान्यांसाठी ‘मॅप’ नावाची संपर्कपद्धती आखली तेव्हा इथरनेट बाजूला ठेवून टोकन बस घेतली. तिच्यात बोलण्याची पाळी ठरलेली. आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळात येईल हे गणिताने सांगता येतं. मॅप महाग आणि अवजड निघालं आणि विरलं. कारखान्यांत प्रत्येक कंपनीची आपापली तारच राहिली : मॉडिकॉनचं १९७९ मधलं मॉडबस, जर्मनांचं प्रोफिबस, आणखी कितीतरी. इथरनेट कार्यालयातच राहिलं. त्याला शॉप फ्लोअरवर आणलं ते स्विचने.

स्विचचा पूर्वज म्हणजे ब्रिज. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीत १९८० च्या दशकात मार्क केंफ यांनी दोन इथरनेट जोडणारी एक पेटी बनवली. ती नुसती जोडत नव्हती, कोण कुठल्या बाजूला आहे हे शिकत होती. हीच कल्पना १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टच्या पेटीत घातली आणि तिला इथरस्विच म्हटलं. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली.

स्विच शिकतो कसा, हे दोन वाक्यांत सांगता येतं. प्रत्येक इथरनेट उपकरणाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता कारखान्यातूनच मिळालेला असतो. एखादी फ्रेम, म्हणजे एक निरोप, पोर्टवर आली की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो आणि ‘हा तीन नंबरच्या पोर्टवर राहतो’ अशी नोंद आपल्या टेबलात करतो. पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठी काही आलं तर ते फक्त तीन नंबरला जातं. ही नोंद साधारणपणे ३०० सेकंद काही हालचाल न दिसल्यास पुसली जाते, म्हणजे केबल इकडची तिकडे केली तरी स्विच पुन्हा शिकतो. कोणी काही सेट करायला लागत नाही. याच सोयीमुळे तो जगभर पसरला.

एका पोर्टवर एकच उपकरण आणि जाण्यायेण्याला वेगळ्या तारा, अशी मांडणी झाल्यावर टक्करच संपली. इथरनेटबद्दलची कारखान्याची जुनी तक्रार इथे मिटली असं वाटलं. खरं तर तिची जागा रांगेने घेतली. दोन पोर्टांवरून एकाच तिसऱ्या पोर्टकडे फ्रेम निघाल्या तर एकीला स्विचच्या बफरमध्ये थांबावं लागतं. शिवाय साधारण स्विच फ्रेम पूर्ण आत घेतो, तपासतो आणि मगच पुढे पाठवतो. १५१८ बाइटांची फ्रेम १०० मेगाबिटच्या तारेवर चढायलाच सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात. कन्व्हेयरच्या कडेने दहा स्विच एकामागे एक जोडले (आणि कन्व्हेयर लांब असल्याने ते तसेच जोडले जातात) तर मोठ्या फ्रेमचा एक मिलिसेकंदाहून जास्त वेळ नुसता चढउतारात जातो. कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या स्काडाच्या पडद्याला हे कळणारही नाही. एका मिलिसेकंदाच्या ठेक्यावर चालणाऱ्या सर्व्हो मोटारींना मात्र ते परवडत नाही. म्हणून प्राधान्याचे आठ स्तर आले, तातडीची फ्रेम रांगेत पुढे घेण्यासाठी. अलीकडे तर ठरावीक क्षणी ठरावीक वर्दळीसाठीच दार उघडणारे टीएसएन स्विचही आले आहेत.

आता स्विचच्या उदारपणाकडे. टेबलात नोंद नसलेल्या पत्त्यासाठी फ्रेम आली तर स्विच काय करतो? ती आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्यांना देतो. ‘सगळ्यांसाठी’ असा शिक्का असलेली ब्रॉडकास्ट फ्रेम तर सगळ्यांना जातेच. मल्टिकास्ट, म्हणजे ठरावीक गटासाठीची फ्रेमसुद्धा, वेगळं काही शिकवलं नसेल तर साधा स्विच सगळ्यांना वाटतो. अडलं की सगळ्यांना सांग, हा त्याचा स्वभाव आहे, आणि १९७३ ची ती एकच जाड केबल त्या स्वभावात अजून जिवंत आहे.

लॅपटॉपला याचं काही वाटत नाही. ड्राइव्हमधल्या किंवा जुन्या पीएलसीच्या कार्डातल्या लहानशा प्रोसेसरचं तसं नसतं. ब्रॉडकास्ट फ्रेम आपल्यासाठी आहे की नाही हे बघायलाही त्याला हातातलं काम थांबवावं लागतं. १०० मेगाबिटच्या एका तारेवरून सर्वांत छोट्या, ६४ बाइटांच्या फ्रेम सेकंदाला १,४८,८०९ येऊ शकतात. त्यातल्या दहाव्या हिश्श्यानेही एखादा कंट्रोलर घायकुतीला येऊ शकतो. इथे दोष ना तारेचा ना स्विचचा. दोघंही आपलं काम चोख करत असतात.

ही वर्दळ बहुतेकदा कोणी मुद्दाम निर्माण करत नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक पॅच केबल घेऊन तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घालणं. मेंटेनन्सचा माणूस घाईत असतो, पॅनलमध्ये एक टोक लोंबकळताना दिसतं, समोर पोर्ट रिकामा असतो. झाला लूप. इंटरनेटच्या पाकिटावर ‘एवढ्या टप्प्यांनंतर मर’ असा आकडा असतो. इथरनेटच्या फ्रेमवर तो नाही. त्यामुळे एक ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, प्रत्येक फेरीत सगळ्या पोर्टांना आपली प्रत देत. सभागृहात माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी वाजते, तोच हा प्रकार. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळे दिवे एका लयीत लुकलुकायला लागतात आणि लाइन थांबते.

यावरचं उत्तर डेकमध्येच रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलं. स्पॅनिंग ट्री नावाच्या त्यांच्या पद्धतीत स्विच आपसात बोलून एक मुख्य स्विच निवडतात आणि लूप होईल अशी प्रत्येक जास्तीची वाट स्वतःहून बंद ठेवतात. चालू वाट तुटली तर बंद ठेवलेली उघडतात. पद्धत इतकी नेटकी की पर्लमन यांनी तिच्यावर एक कविताही केली. मूळ पद्धतीत वाट बदलायला मात्र ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मध्ये आलेल्या जलद आवृत्तीने तो काळ बराच खाली आणला.

पण अशी हुशार पद्धत हाताशी असली की माणसं निष्काळजी होतात. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या इस्पितळाचं नेटवर्क कोलमडलं आणि सुमारे चार दिवस डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं. रक्ताच्या तपासण्यांचे निकाल पुन्हा माणसांच्या हाती धावू लागले. इस्पितळाने ही हकिगत लपवली नाही, उलट इतरांनी शिकावं म्हणून उघडपणे सांगितली. नेटवर्क वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने वाढत गेलं होतं. स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या गणितात टोकापासून टोकापर्यंत सात स्विचची मर्यादा धरलेली आहे. ती कधीच ओलांडली गेली होती. प्रत्येक जोडणी करणाऱ्याने आपल्यापुरतं बरोबरच केलं होतं. एकूण आकृती मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हती.

कारखान्यांनी वेगळा रस्ता धरला : रिंग. कन्व्हेयरच्या कडेने गेलेली माळ शेवटी परत पहिल्या स्विचला जोडायची आणि एका स्विचला रिंगचा मॅनेजर करायचं. तो एक दुवा बंद ठेवतो, सतत चाचणीच्या फ्रेम फिरवतो आणि त्या परत आल्या नाहीत की बंद दुवा उघडतो. एमआरपी या प्रमाणित पद्धतीत ५० उपकरणांपर्यंतच्या रिंगला सावरायला जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद धरतात. ऐकायला छान. पण पीएलसी आणि त्याचं आयओ मॉड्यूल दर दोन मिलिसेकंदांनी बोलत असतील आणि लागोपाठ तीन निरोप चुकले की यंत्र थांबवायचं असं ठरलं असेल, तर सहा मिलिसेकंदांतच लाइन थांबते. रिंग नंतर निवांत सावरते. तोवर सगळी स्टेशनं रिसेट करायची वेळ आलेली असते. खर्च करून रिंग बसवली, तरी केबल तुटल्यावर लाइन थांबलीच, अशी तक्रार कानावर आली तर पहिल्यांदा हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. जिथे एक मिलिसेकंदही जाऊ द्यायचा नाही, उदाहरणार्थ वीज उपकेंद्रातली संरक्षण यंत्रणा, तिथे पीआरपी वापरतात. प्रत्येक फ्रेमच्या दोन प्रती दोन स्वतंत्र नेटवर्कांवरून जातात आणि घेणारा दुसरी टाकून देतो. सावरण्याचा वेळ शून्य, खर्च जवळपास दुप्पट. आणि ही दोन्ही नेटवर्कं एकाच केबल ट्रेमधून नेली असतील, तर वेल्डिंगची एक ठिणगी दोघांनाही पुरते.

आता त्या ‘न बोलण्याच्या’ कागदाकडे येऊ. व्हीएलएएन ही सोय १९९८ पासून प्रमाणित आहे. एकाच स्विचचे पोर्ट वेगवेगळ्या गटांत वाटता येतात आणि एका गटाची ब्रॉडकास्ट दुसऱ्यात जात नाही. पेंट शॉप वेगळं, प्रेस शॉप वेगळं, कॅमेरे वेगळे, कार्यालय वेगळं. गटागटांमध्ये जे खरंच जायला हवं ते राउटर किंवा फायरवॉलमधून, कारण लिहून, जाऊ द्यायचं. मल्टिकास्टसाठी आयजीएमपी स्नूपिंग चालू करायचं, म्हणजे मागितलेल्यालाच गटाची फ्रेम मिळते. यात एक खाच आहे : गटाची विचारपूस करणारा क्वेरियर नेटवर्कमध्ये कोणीतरी असावा लागतो. तो नसेल तर काही स्विच थोड्या वेळाने नोंदी पुसून मल्टिकास्ट अडवतात, काही पुन्हा सगळ्यांना वाटू लागतात. सकाळी सुरळीत चाललेली लाइन काही मिनिटांत अडते आणि दोष भलत्याच्या माथी येतो.

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या कारखान्यात ही विभागणी आणखी एका कारणाने लागते. लाइनवरची यंत्रं वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या उत्पादकांकडून येतात आणि पुष्कळांच्या पीएलसीला १९२.१६८.०.१ किंवा त्याच्या आसपासचाच आयपी पत्ता दिलेला असतो. दोन यंत्रं एका नेटवर्कवर घेतली की एकाच पत्त्याचे दोन मालक तयार होतात. व्हेंडर पत्ता बदलायला तयार नसतो, आणि आपण बदलला तर वॉरंटीचा प्रश्न काढतो. मग प्रत्येक यंत्राच्या दारात पत्ता बदलून देणारा नॅट स्विच बसवतात. हा उपाय काहींना तडजोड वाटतो. वक्त्याला तो वरदान वाटतो, कारण त्या निमित्ताने प्रत्येक यंत्राला आपोआप कुंपण मिळतं.

कुंपणाला मागचं दार असू नये, हे वेगळं सांगायला हवं. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा वर्म जगभर पसरला. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राला फायरवॉल होता, पण एका सल्लागार कंपनीची जोडणी त्याला वळसा घालून थेट आत येत होती. वर्म त्या वाटेने शिरला आणि सुरक्षेचे आकडे दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद राहिली. केंद्र दुरुस्तीसाठी आधीपासूनच बंद होतं, हे सुदैव. स्लॅमरने काही चोरलं नाही, काही पुसलं नाही. त्याने केली ती निव्वळ वर्दळ. त्यावरचा पॅच सहा महिन्यांपूर्वीच आलेला होता.

पेटीबद्दल थोडक्यात. औद्योगिक स्विच महाग का, असं खरेदी विभाग विचारतो तेव्हा डिन रेल, २४ व्होल्टचे दोन स्वतंत्र पुरवठे, बिघाड कळवणारा रिले संपर्क, पंख्याविना चालणारी रचना आणि उणे ४० ते अधिक ७५ अंशांपर्यंतची तापमानाची हमी, एवढं सांगावं. पंखा का नको, हे साखर कारखान्यात हंगामाच्या तिसऱ्या महिन्यात पॅनल उघडून बघणाऱ्याला कळतं : बगॅसचा थर. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि मोठ्या ड्राइव्हच्या पॉवर केबलशेजारून तर मुळीच नेऊ नये. तिथे फायबर घ्यावं, त्याला विजेचा गोंगाट ऐकू येत नाही. रसायनांच्या कारखान्यांसाठी आता दोन तारांचं इथरनेटही आलं आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या एपीएल या पद्धतीत मुख्य केबल १००० मीटरपर्यंत जाते, वेग १० मेगाबिट, आणि स्फोटाचा धोका असलेल्या भागातल्या ट्रान्समीटरला वीज आणि निरोप एकाच जोडीतून मिळतात. लोटे किंवा तळोज्याच्या प्लांटमध्ये ते जाईल तेव्हा आजवर चार ते वीस मिलिअँपिअरच्या तारेवर एकटा बसलेला प्रेशर ट्रान्समीटरही या गोतावळ्यात येईल, आणि कोणी कोणाशी बोलू नये याच्या यादीत काही हजार नावांची भर पडेल.

ही यादी करायची कोणी, यावर कारखान्यांत वाद असतो. आयटी विभागाला स्विच कळतो पण लाइन कळत नाही. त्यांच्या सवयीने ते दुपारी दोनला अपडेट टाकून स्विच रीस्टार्ट करतात. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना लाइन कळते पण स्विच ही त्यांच्या लेखी पॅनलमधली एक निळी-काळी पेटी असते, पासवर्ड कंपनीतून आला तोच ठेवलेला. वक्त्याचा कल इन्स्ट्रुमेंटेशनकडे आहे, कारण रात्री तीन वाजता लाइन थांबली की उठून जाणारा माणूस तिथला असतो. पण त्याला शिकवायला हवं आणि आकृती त्याच्या हाती द्यायला हवी : कुठला पोर्ट, कुठली केबल, कुठला गट. न वापरलेले पोर्ट बंद, आणि चालू पोर्टांवर ब्रॉडकास्टची मर्यादा घातलेली.

नेटवर्क ताब्यात घेण्यापूर्वीच्या चाचणीत बहुतेक ठिकाणी पिंग करून बघतात. उत्तर आलं की सही होते. त्याऐवजी लाइन चालू असताना रिंगमधली एक केबल उपसावी, मॅनेजर स्विचची वीज काढावी, एका पॅच केबलने मुद्दाम लूप करावा, आणि जोडलेल्या प्रत्येक जातीच्या ड्राइव्हवर व पीएलसीवर ब्रॉडकास्टचा मारा वाढवत नेऊन ते उपकरण कितव्या हजाराला गप्प होतं, हे लिहून ठेवावं. लाइन एकदा तीन पाळ्यांत धावू लागली की यातलं काहीही करायला उत्पादन विभाग परवानगी देत नाही. त्यामुळे ही चाचणी, मिलिसेकंदांच्या आकड्यांसह, खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्यावी लागते. इंटिग्रेटर त्यावर घासाघीस करतो, दोन दिवस जास्तीचे मागतो. ते द्यावेत.